न दिसणारे विमान आणि पाहणारा वैमानिक

रामायणातील इंद्रजिताचे युद्ध सर्वांच्या परिचयाचे आहे. मेघांच्या आड राहून तो बाण सोडी. बाण लागत, परंतु सोडणारा दिसत नसे. समोरासमोरच्या झुंजीत ज्यांना कोणी हटवू शकले नसते, असे वीरही या युद्धापुढे हतबल झाले. शत्रू आपल्याला दिसावा, आपण मात्र त्याला दिसू नये, ही योद्ध्याची इच्छा अशी फार पुरातन आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला गणित, रसायन आणि धातुविद्या यांची जोड मिळाली आणि त्यातून जे विमान जन्मास आले, त्याला ‘स्टेल्थ’ विमान असे नाव पडले.

मराठीत त्याला कधीकधी ‘अदृश्य विमान’ म्हटले जाते. हा शब्द आकर्षक खरा, पण दिशाभूल करणारा आहे. हे विमान धावपट्टीवर उभे असेल तर लहान मूलही त्याकडे बोट दाखवील. ते दिसत नाही, किंवा अधिक अचूक बोलायचे तर फार उशिरा दिसते, ते रडारला. शिवाय या विमानाकडून एकाच वेळी दोन अपेक्षा असतात. विमान कोणाला दिसू नये, ही पहिली. आणि त्यात बसलेल्या माणसाला सर्व काही दिसावे, ही दुसरी. या दोन अपेक्षा एकमेकींच्या वैरिणी आहेत. पाहायचे तर खिडकी हवी, आणि खिडकीतून रडारच्या लहरीही आत शिरतात. दूरचे पाहायचे तर आपले रडार चालू केले पाहिजे, आणि ते चालू करणे म्हणजे अंधारात कंदील हाती धरण्यासारखेच आहे. आधुनिक लढाऊ विमानाची बांधणी आणि त्यातील वैमानिकाच्या कक्षाची, म्हणजे कॉकपिटची, रचना ही या दोन वैरिणींना एका घरात नांदविण्याची खटपट होय.

प्रथम रडारचे कार्य पाहू. १९३५ च्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडमधील डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी एक साधा प्रयोग केला. बीबीसीच्या तेथील प्रक्षेपण-केंद्रातून लहरी बाहेर पडत होत्या. त्यांच्या मार्गातून एक बाँबफेकी विमान नेण्यात आले. आणि विमानावर आपटून परतलेल्या लहरींची चाहूल ग्राहकयंत्रावर लागली. ज्या लहरी घरोघरी संगीत आणि वार्ता पोहोचवितात, त्यांनीच आकाशातील विमानाची चुगली केली. रडारचे सारे शास्त्र या चुगलीवर उभे आहे.

ही चुगली कमी करणे किती कठीण आहे, हे एका हिशोबावरून कळेल. अंतर दुप्पट झाले की विमानापर्यंत पोहोचणाऱ्या लहरीचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. परतणारा प्रतिध्वनीही येताना तितकाच विरळ होतो. म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास एकूण घट सोळापट होते. विमान बांधणाऱ्याच्या बाजूने हाच हिशोब उलटा होतो. विमानाचा प्रतिध्वनी त्याने निम्मा केला, तर रडारला ते दिसण्याचे अंतर जेमतेम सोळा टक्क्यांनी घटते. हे अंतर निम्म्यावर आणायचे असेल, तर प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर आणावा लागतो. आणि ते दहाव्या हिश्शावर आणायचे, तर प्रतिध्वनी दहा हजारांश करावा लागतो. थोडीफार सुधारणा येथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. पण ती मजल एकदा गाठली, म्हणजे फळही तसेच मोठे मिळते. एखादे रडार साध्या विमानाला ४०० किलोमीटरवरून ओळखत असेल, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे ते विमान डोक्यावर येण्यास सुमारे २७ मिनिटे लागतात. तेच अंतर ४० किलोमीटरवर आले, तर हाती उरतात २ मिनिटे आणि ४० सेकंद. तेवढ्या अवधीत दूरध्वनी उचलणे, खात्री करून घेणे, आज्ञा मिळविणे आणि तोफ किंवा क्षेपणास्त्र सज्ज करणे हे सर्व व्हावयाचे असते. स्टेल्थ विमान शत्रूची दृष्टी पूर्णपणे हरण करीत नाही. ते त्याचा वेळ हरण करते.

प्रतिध्वनी दहा हजारांश करण्याचा पहिला आणि सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे आकार. अंधाऱ्या खोलीत आरशावर विजेरीचा झोत टाकावा. आरसा समोर असेल तर डोळे दिपतात. तो थोडा तिरका केला की झोत भलतीकडे जातो आणि आरसा काळाच दिसतो. आरसा तोच, झोत तोच. फरक पडला तो केवळ कोनाचा. विमानाचा पृष्ठभाग असा तिरका ठेवला, तर रडारची लहर परत न जाता आकाशात कोठेतरी निघून जाते. याउलट दोन पृष्ठभाग काटकोनात मिळाले, तर लहर एकावरून दुसऱ्यावर आपटून नेमकी आल्या वाटेने परतते. जुन्या विमानाचे उभे शेपूट आणि आडवा पंख यांच्यात असाच काटकोन असे. म्हणून नव्या विमानांची दोन शेपटे दोन बाजूंना कललेली दिसतात.

परंतु कोणत्या आकारावरून किती लहर परत येईल, हे विमान बांधण्यापूर्वी सांगणार कोण? सपाट पृष्ठभागाचे गणित माहीत होते. त्याच्या कडांवरून विखुरणाऱ्या लहरींचे गणित अवघड होते. ते सोडविले प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएट शास्त्रज्ञाने. कडांवरील लहरींविषयीचा त्याचा ग्रंथ १९६२ साली मॉस्कोत उघडपणे प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या हवाईदलाने १९७१ मध्ये त्याचे भाषांतर करून घेतले. १९७५ च्या सुमारास लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाच्या हाती ते पडले आणि त्याच्या आधारे संगणकासाठी एक गणनापद्धती तयार झाली. ज्या देशात विद्या उपजली त्या देशात ती ग्रंथालयात राहिली, आणि प्रतिस्पर्ध्याने तिचे शस्त्र केले. ज्ञान प्रसिद्ध होणे आणि ज्ञानाची कदर होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसून येते.

त्या काळच्या संगणकाची शक्ती मर्यादित होती. वळणदार पृष्ठभागाचा हिशोब त्याला पेलत नसे. म्हणून विमान हिऱ्यासारखे सपाट पैलू पाडून घडवावे लागले. विमानविद्येच्या जाणकारांनी तो आकार पाहून त्याला ‘आशाहीन हिरा’ असे थट्टेचे नाव दिले, कारण तो उडेल असे कोणालाच वाटेना. या विभागाचे प्रमुख बेन रिच यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांतील एक प्रसंग सांगितला आहे. वाळवंटात खांबावर बसविलेल्या नमुन्याची रडारने चाचणी चालू होती. नमुना खांबावरून खाली पडला असावा, असे रडार चालविणाऱ्याने कळविले, कारण त्याला काहीच दिसेना. पाहतात तो नमुना जागच्या जागी! तेवढ्यात एक पक्षी त्यावर येऊन बसला आणि रडारला प्रतिध्वनी मिळाला. तो पक्ष्याचा होता.

या नमुन्यावरून ‘हॅव ब्लू’ नावाची दोन प्रायोगिक विमाने बांधण्यात आली. पहिले १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले. दोन्ही पुढे अपघातांत नष्ट झाली. वैमानिक मात्र बचावले. त्यांतूनच एफ-११७ हे विमान सिद्ध झाले. त्याचे पहिले उड्डाण १८ जून १९८१ रोजी झाले. पण असे विमान आहे, हे अमेरिकेच्या सरकारने १९८८ च्या नोव्हेंबरपर्यंत मान्य केले नव्हते. १९९१ च्या जानेवारीत बगदादवरील पहिल्या रात्रीच्या हल्ल्यात त्याचा उपयोग झाला आणि त्या युद्धात यांपैकी एकही विमान शत्रूला पाडता आले नाही.

पैलूदार आकाराची किंमत मात्र द्यावी लागली. हे विमान ध्वनीच्या वेगाच्या आतच उडत असे. त्यावर रडार नव्हते. आणि ते स्वभावतःच अस्थिर होते. तळहातावर उभी काठी तोलणारा डोंबारी हात क्षणभरही स्थिर ठेवू शकत नाही. तसेच या विमानाचे नियंत्रक पृष्ठभाग सतत हलते ठेवावे लागत. मनुष्याच्या प्रतिक्रियेला इतका वेग नसतो. म्हणून वैमानिकाची दांडी आणि विमानाचे पृष्ठभाग यांच्यात संगणक बसविण्यात आला. वैमानिकाने इच्छा सांगावी, आणि ती कशी पार पाडावयाची हे संगणकाने ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे. तीत बिघाड होऊ नये म्हणून तिचे चार स्वतंत्र मार्ग ठेवलेले असतात. आधुनिक वैमानिक विमान चालवितो असे म्हणण्यापेक्षा तो विमानाला आज्ञा करतो, हे म्हणणे अधिक खरे आहे.

संगणक बलवान झाले, तसे पैलू नाहीसे होऊन वळणे आली. नॉर्थ्रॉप कंपनीचे बी-२ हे बाँबफेकी विमान १९८९ मध्ये उडाले, त्याचा आकार सर्वस्वी वळणदार होता. खऱ्या अर्थाने चपळ लढाऊ विमान आणि स्टेल्थ यांचा संगम झाला तो एफ-२२ मध्ये. त्याचे पहिले उड्डाण ७ सप्टेंबर १९९७ रोजी झाले आणि २००५ च्या अखेरीस ते सेवेत आले. या विमानाकडे वरून पाहिले, तर पंख आणि शेपूट यांच्या कडा एकमेकींना समांतर दिसतात. हा सौंदर्याचा भाग नव्हे. प्रत्येक कड थोडी तरी लहर परत पाठवितेच. कडा दहा दिशांना असतील, तर दहा दिशांना चुगली होईल. त्या मोजक्याच दिशांना ठेवल्या, तर चुगलीही मोजक्याच दिशांना होते, आणि रडार नेमके त्या दिशेला असण्याचा संभव कमी राहतो. दारांच्या आणि झडपांच्या कडाही करवतीच्या दातांसारख्या कापलेल्या असतात, त्याचे कारण हेच.

एंजिनाचा प्रश्न याहून अवघड. एंजिनाच्या तोंडाशी फिरणारी धातूची पाती ही रडारला मिळालेली मेजवानीच असते. एफ-११७ मध्ये त्या तोंडावर बारीक जाळी बसविलेली होती. एफ-२२ आणि त्यानंतरच्या विमानांत हवेची वाटच नागमोडी केलेली असते. हवा वळून आत जाते, पण सरळ रेषेत येणाऱ्या लहरीला पाती दिसत नाहीत. वाटेच्या भिंतींवर लहर शोषणारे आवरण असते, म्हणजे आत शिरलेली लहर आपटत आपटतच क्षीण होते. बाँब आणि क्षेपणास्त्रे पंखाखाली लोंबकळत ठेवणे येथे चालत नाही. ती विमानाच्या पोटात ठेवावी लागतात. दार उघडले की काही क्षण विमान उघडे पडते, म्हणून ते क्षणात उघडून क्षणात मिटावे लागते. पोटात शस्त्रे, इंधनही पोटातच, आणि नागमोडी वाटाही तेथूनच. त्यामुळे ही विमाने पोटाशी जाड दिसतात.

आता द्रव्याकडे वळू. एफ-२२ च्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४० टक्के टायटॅनियम आणि सुमारे चौथा हिस्सा कार्बनच्या तंतूंचे संमिश्र द्रव्य आहे. विमानांचा एकेकाळचा राजा असलेले ॲल्युमिनियम त्याहूनही कमी भरते. हे विमान ज्वलनाचा जादा झोत न वापरताही ध्वनीहून दीडपट वेगाने जाऊ शकते. अशा वेगात पृष्ठभाग तापतो आणि ॲल्युमिनियम उष्णतेने नरम पडते. टायटॅनियम टिकून राहते. एंजिनांलगतचे मागील भाग टायटॅनियमचेच असून ते निर्वात जागेत इलेक्ट्रॉनच्या झोताने जोडलेले आहेत. कार्बनच्या तंतूंचे थर राळेत भिजवून एकावर एक मांडतात आणि बंद भट्टीत दाबाखाली भाजतात. लाकडाला जसा शिरेचा जोर असतो, तसा या द्रव्याला तंतूच्या दिशेने असतो. म्हणून ज्या दिशेने ताण येणार, त्या दिशेने तंतू घालता येतात.

या सर्वांवर लहर शोषणारा लेप येतो. त्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात. लहर त्यांच्यात शिरली की तिची शक्ती कणांना चुंबकीय रीतीने हलविण्यात खर्च होते आणि अखेरीस किंचित उष्णता होऊन संपते. आकाराने जे साधत नाही, ते लेप साधतो. पण लेपाला आकाराची जागा घेता येत नाही. या कामातील काटेकोरपणा कोणत्या थराचा असतो, याचे उदाहरण ‘हॅव ब्लू’ च्या काळातील आहे. एकदा चाचणीत विमानाचा प्रतिध्वनी एकाएकी वाढला. शोध घेता आढळले, की तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते आणि त्यांची डोकी पृष्ठभागावर किंचित वर राहिली होती. तीन स्क्रूंनी कोट्यवधी डॉलरांच्या गुपिताला दगा दिला! पाऊस, वाळू, खारी हवा आणि कामगाराच्या हातून सुटलेले एखादे हत्यार हे या विमानाचे शत्रूइतकेच शत्रू आहेत. प्रत्येक दुरुस्तीसाठी झडप उघडली की लेप खरवडावा लागतो आणि पुन्हा बसवावा लागतो. देखभालीच्या वेळेचा मोठा वाटा त्यात जातो. प्रसिद्धी विमानाच्या वाट्याला येते. त्याचे गुपित टिकवितो तो हाती कुंचला घेतलेला कारागीर.

इतके सर्व करूनही एक भोक उरते, आणि ते म्हणजे वैमानिकाची खिडकी. कॉकपिट ही रडारच्या दृष्टीने एक गुहा आहे. काच पारदर्शक, म्हणून लहरी आत शिरतात. आसन, यंत्रे आणि वैमानिकाचे शिरस्त्राण यांवर आपटून बाहेर येतात. काळजीपूर्वक बांधलेल्या विमानात नुसत्या वैमानिकाच्या डोक्याचा प्रतिध्वनी सबंध विमानाहून मोठा भरेल, अशी स्थिती येते. उपाय म्हणून आवरणाच्या आत धातूचा किंवा धातूच्या संयुगाचा इतका पातळ थर देतात, की प्रकाश त्यातून सुखाने जातो, पण रेडिओलहरींना तो धातूच्या पत्र्यासारखा वाटतो. या विमानांच्या काचेला जी सोनेरी झाक दिसते ती या थराची. गुहेच्या तोंडाला लावलेले हे असे दार आहे, की ते मनुष्याला उघडे असते आणि रडारला बंद.

एफ-२२ चे हे आवरण सुमारे साडेतीन मीटर लांब असून ते पॉलिकार्बोनेटच्या दोन जाड तावांना उष्णतेने एकजीव करून बनविले जाते. मध्ये आडवी कमान नाही. कमान असती तर रडारला एक कड मिळाली असती आणि वैमानिकाच्या दृष्टीआड आकाशाचा एक पट्टा गेला असता. येथे मात्र दोन्ही वैरिणींचे हित एकाच गोष्टीत साधले गेले. असा योग विरळा.

आत बसल्यावर वैमानिकाला काय दिसते? भारतीय हवाईदलाने २०२५ च्या सप्टेंबरात निरोप दिलेल्या मिग-२१ चे उदाहरण घ्यावे. त्यांतील अनेक विमाने नाशिकजवळच्या ओझर येथे बांधली गेली होती. त्याच्या कॉकपिटमध्ये घड्याळाच्या दुकानात असावी तशी तबकड्यांची दाटी असे. वेग, उंची, इंधन, तापमान, दिशा हे सर्व निरनिराळ्या काट्यांवरून वाचून त्यांचा मेळ वैमानिकाने मनातल्या मनात घालावयाचा आणि त्याच वेळी आकाशातही पाहावयाचे. एफ-२२ मध्ये तबकड्या गेल्या आणि सहा रंगीत पडदे आले. परंतु खरा बदल पडद्यांचा नव्हे. निरनिराळ्या यंत्रांनी मिळविलेली माहिती एकत्र करून तिचे एकच चित्र काढण्याचे काम आता संगणक करतो. शत्रू तांबड्या त्रिकोणाने, मित्र हिरव्या वर्तुळाने आणि अनोळखी विमान पिवळ्या चौकोनाने दाखविले जाते. रंगासोबत आकृतीही बदलली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धावपळीच्या क्षणी एक खूण नजरेतून निसटली, तर दुसरी उपयोगी पडावी, हा त्यातील हेतू.

विमान वळविण्याची दांडी पूर्वी दोन पायांच्या मध्ये असे. ती येथे उजव्या हाताशी आली आणि डाव्या हाताशी एंजिनाचा जोर कमीजास्त करण्याचा दट्ट्या राहिला. या दोहोंवरच शस्त्रे, रडार आणि पडदे यांची बटणे बसविलेली असतात, म्हणजे हात न उचलता सर्व करता येते. दांडीविषयीचा एक जुना धडा येथे उपयोगी पडला. एफ-१६ या विमानाची दांडी आरंभी मुळीच हलत नसे. ती केवळ हाताचा दाब मोजी. यंत्राला तेवढे पुरेसे होते, पण माणसाला पुरेना. आपण किती दाबतो आहोत, हेच त्याला कळेना. म्हणून पुढे ती थोडी हलती करण्यात आली. ते हलणे विमानासाठी नाही. वैमानिकाच्या मनगटाचे समाधान व्हावे यासाठी आहे.

कॉकपिटमध्ये दृष्टी आणि हात यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा विषय आहे, तो श्वासाचा. जुन्या विमानांत प्राणवायूच्या टाक्या असत. नव्या विमानांत एंजिनातील दाबाखालची हवा घेऊन तिच्यातील नत्रवायू वेगळा केला जातो आणि प्राणवायू विमानातच मिळविला जातो. एफ-२२ च्या वैमानिकांना उड्डाणात चक्कर येणे, गोंधळल्यासारखे होणे, असे अनुभव येऊ लागले. २०१० च्या नोव्हेंबरात अलास्कात एक विमान कोसळले व वैमानिक मृत्युमुखी पडला. त्या उड्डाणात बिघाडामुळे प्राणवायूचा पुरवठा बंद पडला होता, आणि आपत्कालीन पुरवठ्यासाठी आसनाजवळची एक कडी हाताने ओढावी लागत असे. २०११ च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत ही सर्व विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. दीर्घ चौकशीअंती जे कारण पुढे आले, त्यात वैमानिकाच्या छातीवरील दाबाच्या बंडीची एक झडप होती. ती बंडी नको त्या वेळी फुगे आणि श्वास कोंडला जाई. पुढे झडप बदलली गेली आणि आपत्कालीन प्राणवायू आपोआप सुरू होईल अशी योजना करण्यात आली. जगातील सर्वांत गुंतागुंतीचे विमान महिनोन्महिने जमिनीला खिळून राहिले, आणि त्या प्रकरणाच्या मुळाशी एका बंडीची झडप निघावी, यात मोठा बोध आहे. यंत्राची कसोटी शत्रूच्या रडारपुढे लागते, तशीच ती आत बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांपुढेही लागते.

एफ-३५ या विमानात ही वाटचाल आणखी पुढे गेली. २००६ च्या डिसेंबरात ते प्रथम उडाले आणि आजवर ते १,००० हून अधिक संख्येने बांधले गेले आहे. त्यात सहा पडद्यांऐवजी सुमारे ५० सेंटिमीटर रुंदीचा एकच पडदा आहे. वैमानिकाच्या समोर, काचेवर आकडे दाखविणारे जे साधन इतर लढाऊ विमानांत असते, तेही यात नाही. ते सर्व शिरस्त्राणात आले आहे. विमानाच्या अंगावर सहा ठिकाणी उष्णता पाहणारे कॅमेरे बसविलेले आहेत. त्यांची चित्रे जोडून शिरस्त्राणाच्या आतल्या बाजूस वैमानिकाच्या डोळ्यांपुढे टाकली जातात. वैमानिकाने मान खाली घातली, तर त्याला आपले पाय दिसण्याऐवजी विमानाच्या तळाखालची भूमी दिसते. संजयाच्या दिव्य दृष्टीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

पण दिव्य दृष्टीलाही वजन असते. हे शिरस्त्राण सुमारे सव्वादोन किलोचे आहे. संकटकाळी आसनासह बाहेर फेकले जाताना या वजनाचा धक्का मानेवर येतो. २०१५ मध्ये चाचण्यांतून असे दिसले, की हलक्या शरीराच्या वैमानिकाच्या मानेला त्यामुळे गंभीर इजा होऊ शकेल. म्हणून सुमारे ६२ किलोंहून कमी वजनाच्या वैमानिकांना हे विमान उडविण्यास मनाई झाली. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरली. शिरस्त्राण हलके करण्यात आले, आसनात सुधारणा झाल्या आणि २०१७ मध्ये ही मनाई उठली. रात्रीच्या अंधारात शिरस्त्राणातील पडद्याचा हिरवट उजेड डोळ्यांवर येऊन जहाजाचे दिवे नीट दिसत नसत. तोही दोष पडद्याचा प्रकार बदलून दूर करावा लागला. पाहण्याचे साधनच पाहण्याच्या आड यावे, याहून मोठा विरोधाभास कोणता?

माहिती मिळविण्याच्या बाबतीत या विमानांचे धोरण साधूसारखे मौनाचे आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे आपले रडार मनसोक्त चालू ठेवून आपण दिसत नाही असे मानणे घातक ठरेल. म्हणून ही विमाने शक्यतो ऐकतात. दुसऱ्यांच्या लहरी टिपतात, उष्णता पाहतात, आणि स्वतःचे रडार वापरलेच तर त्याच्या लहरी निरनिराळ्या कंपनसंख्यांत विखरून वापरतात, म्हणजे ऐकणाऱ्याला ती केवळ खरखर वाटावी.

तरीही या विद्येच्या मर्यादा स्पष्ट आहेत. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ विमान पाडले गेले. ते पाडणारे क्षेपणास्त्र सोव्हिएट बनावटीचे आणि १९६० च्या दशकातील रचनेचे होते. त्याच्या मदतीला जे टेहळणी रडार होते, त्याच्या लहरी लांब, मीटरच्या मापाच्या होत्या. तरंगाची लांबी शेपटाच्या किंवा पंखाच्या मापाजवळ येते, तेव्हा तिरक्या पृष्ठभागांची युक्ती पूर्ववत् चालत नाही. पाडणाऱ्या तुकडीने आपले रडार थोडाच वेळ चालू ठेवण्याची शिस्त कटाक्षाने पाळली होती, हेही महत्त्वाचे. लपणाऱ्याला लपणाऱ्यानेच गाठले. शिवाय खर्चाची मर्यादा आहेच. एफ-२२ विमाने आरंभी ७५० बांधावयाची होती. प्रत्यक्षात हवाईदलाच्या सेवेसाठी १८७ झाली आणि उत्पादन थांबले.

भारताच्या दृष्टीने हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. चीनचे जे-२० हे विमान २०११ मध्ये प्रथम उडाले आणि २०१७ मध्ये सेवेत आले. रशियाच्या सहकार्याने असे विमान करण्याच्या योजनेतून भारत २०१८ मध्ये बाहेर पडला. २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने दोन एंजिनांच्या, सुमारे २५ टन वजनाच्या आणि पोटात शस्त्रे ठेवणाऱ्या स्वदेशी स्टेल्थ विमानाच्या विकासास सुमारे १५,००० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. हे काम बंगळूरच्या वैमानिकी विकास संस्थेकडे आहे. त्यामागे तेजसचा अनुभव उभा आहे. तेजसच्या रचनेत वजनाने सुमारे ४५ टक्के संमिश्र द्रव्य आहे, आणि त्याच्या हवेच्या वाटाही एंजिनाची पाती आड ठेवणाऱ्या आहेत. १९९८ च्या पोखरण येथील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. तेजसच्या संगणकीय नियंत्रणाचे जे काम तेथे चालू होते, ते मध्येच तुटले आणि उपकरणेही तेथेच अडकली. भारतीय अभियंत्यांनी ते काम येथे पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडाले. उसनी मिळणारी विद्या कोणत्या क्षणी परत मागितली जाईल, याचा नेम नसतो, हा त्या प्रसंगाचा धडा होता.

मंजुरी मिळणे आणि विमान उडणे यांच्यामध्ये मात्र लांबचा पल्ला आहे. या विमानाचे रहस्य कोणत्याही एका शोधात नाही. ते कडांच्या गणितात आहे, तसेच भट्टीच्या तापमानात आहे. टायटॅनियमच्या जोडात आहे, तसेच स्क्रूच्या डोक्यात आहे. त्यातील बराचसा भाग ग्रंथांत मिळू शकेल. जो मिळणार नाही, तो हजारो हातांच्या रोजच्या काटेकोर कामातून कमवावा लागतो. आणि विमान उभे राहील तेव्हाही त्यात एक मनुष्य बसणार आहे. त्याला पुरेसे दिसावे, मोकळा श्वास घेता यावा आणि संकटात त्याची मान शाबूत राहावी, एवढे साधले तरच लपण्याच्या या अवघड विद्येचे सार्थक झाले असे म्हणता येईल.